ओलावाप्रिय बहुवर्षीय फुलझाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओलावाप्रिय झाड म्हणजे पाण्यात उभं राहणारं झाड का?

नाही. बहुतेक झाडं याच गैरसमजापायी जातात. कमळ आणि कुमुदिनी या पाणवनस्पती आहेत. त्यांची मुळं पाण्याखालच्या गाळात असतात आणि तिथे हवा पोचवायची सोय त्यांच्या अंगातच असते. कमळाचा देठ आडवा कापून बघा, आत गोल नळ्याच नळ्या दिसतात. पानाने घेतलेली हवा त्या नळ्यांमधून खाली गाळापर्यंत जाते.

सोनटक्का, हेलिकोनिया, कॅला लिली यांचं तसं नाही. त्यांना माती सतत ओलसर लागते, पण त्या मातीत हवाही खेळती लागते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यामुळे मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, ती स्थिती या झाडांना वर्षभर हवी असते. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी ठिबकू नये.

काही झाडं या दोन्हींच्या मधली आहेत. कर्दळ वाफ्यात वाढते आणि दहा-पंधरा सेंटीमीटर पाण्यातही तग धरते. स्पायडर लिलीही अशीच सोशिक.

माझ्या बागेतली जागा ओलसर आहे की पाणथळ, हे कसं ओळखायचं?

एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा. तो पाण्याने काठोकाठ भरा, पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. खरी परीक्षा या दुसऱ्या खेपेची, कारण पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते.

दुसरं पाणी तासाभरात गेलं, तर जमीन मुरमाड किंवा वाळूची आहे. तिथे ओलावाप्रिय झाडं लावलीत तर जन्मभर झारी घेऊन फिरावं लागेल. चार-सहा तासांत हळूहळू उतरलं, तर या झाडांसाठी जागा उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल, तर ती पाणथळ जागा. तिथे कर्दळ, स्पायडर लिली यांच्यापलीकडे फार काही लावू नका.

खड्डा खणताना मातीचा रंग आणि वासही बघा. राखाडी-निळसर माती आणि सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तिथे बराच काळ हवा पोचलेली नाही.

माझं मत विचाराल, तर आधी जागा बघावी आणि मग झाड निवडावं. नळाखालचा कोपरा, पन्हाळीचं पाणी पडतं ती जागा, भिंतीची सावली असलेली पट्टी, बागेचा उताराकडचा भाग अशा ओलसर जागा बहुतेक बागांमध्ये असतातच. आवडलेल्या झाडासाठी कोरडी जागा ओली करत बसण्यापेक्षा या जागा वापरणं सोपं.

नवशिक्याने कोणती झाडं घ्यावीत?

हवा उबदार असेल, तर सुरुवात सोनटक्क्याने करा. हे आल्याच्या कुळातलं झाड, मूळचं पूर्व हिमालयाच्या भागातलं. क्यूबाचं ते राष्ट्रीय फूल आहे. तीन ते सहा फूट उंच होतं. फुलं संध्याकाळी उमलतात आणि वासही तेव्हाच दरवळतो, कारण त्याच्याकडे येणारे पतंग रात्रीचे. दांड्याच्या टोकाला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि प्रत्येक खवल्यातून एकामागून एक फुलं निघतात. म्हणून एक फूल दिवसभराचंच असलं तरी दांडा बरेच दिवस फुलत राहतो. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते.

कर्दळ भर उन्हात लावा. सावलीत ती नुसती लांबते. तिच्या फुलाचे आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते खरं तर रूप पालटलेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या त्यामागे लहान आणि अरुंद असतात, फूल उलटं करून पाहिलं की दिसतात. ठेंगण्या जाती दोन-तीन फुटांच्या, उंच जाती माणसापेक्षाही उंच. काही संकरित जाती खास पाण्यासाठी तयार केल्या आहेत. त्यांची पानं अरुंद आणि निळसर झाक असलेली असतात.

स्पायडर लिली कशीही लावा, जगते. लांबट पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पातळ पडद्याची वाटी हे तिचं फूल. उन्हात, अर्ध्या सावलीत, ओल्यात, सगळीकडे चालते. बागेत कायम चिखल असणारा एखादा कोपरा असेल, तर तो डोळे मिटून हिला द्या.

रेन लिली वाफ्याच्या कडेला शोभते. पांढऱ्या फुलांची जात मूळची पाणथळ भागातली. तिची बारीक, कांद्याच्या पातीसारखी पानं वर्षभर हिरवी राहतात. गुलाबी जाती मात्र थोडा कोरडेपणा आणि मग एखादी चांगली सर मिळाली की एकदम फुलतात.

हेलिकोनियाला ओलावा भरपूर हवा, पण पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. वाऱ्याच्या झोताने पानं फाटतात, म्हणून आडोशाला लावा. जागा मात्र आधीच मोठी द्या, कारण गड्डे बाजूला सरकत जातात.

सावलीच्या ओल्या कोपऱ्यासाठी पीस लिली. तहान लागली की ती लोळण घेते आणि पाणी मिळालं की काही तासांत उभी राहते. तिच्या शेजारच्या झाडांना पाणी कधी द्यायचं, हेही तिच्याकडे पाहून ठरवता येतं.

हिवाळा थोडा तरी गार असेल, तर लुइझियाना आयरिस आणि कॅला लिली लावून बघा. कॅला लिली कडक उन्हाळ्यात पानं टाकून झोपी जाते. ती मेली समजून उपटू नका.

परदेशी बागांच्या फोटोंत दिसणारी अस्टिल्बी, होस्टा, प्रिम्युला लावता येतील का?

हिवाळ्यात खरी थंडी पडत असेल तर जरूर. या झाडांना थंडीची विश्रांती लागते. ती मिळाली नाही, तर पहिल्या वर्षी फूल येतं, दुसऱ्या वर्षी पानं खुरटतात आणि तिसऱ्या वर्षी वाफा रिकामा. उबदार भागात त्यांच्यामागे लागू नये असं मला वाटतं. होस्टाच्या रुंद पानांची हौस शोभेच्या अळूने भागते आणि अस्टिल्बीच्या तुऱ्यांची कसर लाल हेलिकोनिया भरून काढते.

तेरडा याच यादीत का नाही?

तेरड्याला ओलावा आवडतो, पण तो वर्षायू. फुलला, बी टाकलं, संपला. बहुवर्षीय झाडांची वाढ पुरी होईपर्यंत मधल्या रिकाम्या जागेत पेरायला मात्र छान.

सोनटक्क्याला पानं भरपूर आहेत, फूल एकही नाही. काय चुकतंय?

बहुधा पुढच्यापैकी एक. सावली फार दाट आहे. गड्डे इतके दाटले आहेत की नव्या फुटव्यांना जागाच नाही. नत्राचं खत जास्त झालंय, त्यामुळे सगळा जोर पानांवर गेलाय. किंवा वाढीच्या दिवसांत पाण्याचा खंड पडलाय.

पाचवं कारण हमखास नजरेतून सुटतं, ते छाटणीचं. सोनटक्क्याचं फूल दांड्याच्या टोकाला येतं, तेही दांडा पूर्ण वाढल्यावर. झाड वेडंवाकडं दिसतं म्हणून शेंडे खुडले, तर त्या दांड्याला फूल येणारच नाही. उलट एकदा फुलून गेलेला दांडा पुन्हा कधी फुलत नाही, तो जमिनीलगत कापून टाकावा. कर्दळ आणि हेलिकोनियालाही हेच लागू.

बागेत एकही ओलसर जागा नाही. तशी करता येईल का?

येते. मेहनत एकदाच आहे, पण आहे.

दीड ते दोन फूट खोल खड्डा खणा. लांबी-रुंदी जागेप्रमाणे, पण एक मीटरपेक्षा लहान करू नका. छोटा वाफा फार लवकर सुकतो. निघालेल्या मातीतले दगड आणि तणांची मुळं वेचून घ्या. खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंनी जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. तळ्यासाठी वापरलेला जुना, गळका कागदही इथे चालतो. मग त्याला सुमारे एक-एक मीटरवर भोकं पाडा.

इथेच बरेच जण अडखळतात. पाणी धरून ठेवायला कागद घातला आणि त्यालाच भोकं? होय. भोकं नसतील तर जमिनीखाली टाकी तयार होते, आणि तिच्यात पाणी कुजतं. आपल्याला पाणी अडवायचं नाही, त्याचा वेग कमी करायचा आहे. भोकांवर खडीचा पातळ थर द्या म्हणजे ती मातीने बुजत नाहीत.

वर निघालेली माती आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत मिसळून भरा. माती हलकी असेल तर कंपोस्ट जास्त घ्या. चिकण माती असेल तरीही कंपोस्टच घाला, वाळू नको. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली की ती आणखी घट्ट बसते. कागदाची कडा मातीच्या पातळीच्या जरा खाली दाबून टाका, नाहीतर उन्हाने तिचे तुकडे पडतात आणि दिसतंही वाईट. भरलेली माती पाणी देऊन आठ-दहा दिवस बसू द्या. ती खाली जाईल, तेव्हा वरून पुन्हा भर घाला आणि मगच लावणी करा.

कुंडीत जमेल का?

जमेल, पण कुंडी मोठी हवी, किमान १४-१६ इंची. मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने बाजूंनी सुकते, इथे प्लास्टिकची बरी.

एक युक्ती उपयोगी पडते. टबाच्या तळाला भोक पाडण्याऐवजी बाजूला, तळापासून दोन-तीन इंच वर पाडा. खाली थोडं पाणी कायम साठून राहतं, वरचं जास्तीचं निघून जातं. कर्दळ आणि स्पायडर लिली अशा टबात खूश असतात. हेलिकोनिया आणि पीस लिलीला मात्र नेहमीसारखी तळाला भोकं असलेली कुंडीच द्या.

कोकोपीट वापरत असाल, तर वरून फिकट आणि कोरडं दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. ते आत चिंब असू शकतं. बोट दोन पेरं आत घालून बघा.

पाणी रोज द्यायचं का?

दिवस मोजून पाणी देऊ नका, माती बघून द्या. वरचा एक इंच सुकू लागला की पाणी, एवढं पुरे. देताना मात्र पोटभर द्या. रोज वरवर शिंपडल्याने मुळं वरच राहतात आणि एखादा दिवस चुकला की झाड कोमेजतं. झाडाभोवती आळं करून सावकाश पाणी सोडलं की ते खोल जातं.

पाण्यापेक्षाही मोठं काम आच्छादन करतं. वाळलेला पालापाचोळा, गवत, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल ते, दोन-तीन इंच जाडीचं. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा. ते कुजून खाली बसलं की वर नवा थर.

वॉशिंग मशीन, आरओ किंवा एसीचं पाणी चालेल?

एसीचं पाणी चालतं. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. अधूनमधून, साध्या पाण्यात मिसळून दिलं तर ठीक. रोज देत राहिलात तर पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी साय धरते. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी नको. त्यातलं सोडियम मातीचा पोत बिघडवतं, आणि नेमका निचरा खराब करतं.

पन्हाळीचं पाणी थेट वाफ्यात सोडू का?

सोडा, सगळ्यात चांगलं पाणी तेच. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. म्हणजे दहा चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटरची एक सर आली, तर जवळपास २०० लिटर. एवढं पाणी एका जागी आदळलं तर माती वाहून जाईल, म्हणून पाणी पडतं तिथे दगडगोटे रचा. वाफा घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब असावा, आणि साचलेलं पाणी एका दिवसात जिरायला हवं.

ओलसर वाफ्यामुळे डास होतील ना?

ओल्या मातीत डास वाढत नाहीत, त्यांच्या अळ्यांना मोकळं पाणी लागतं. धोका असतो तो कुंडीखालच्या ताटल्या, उघडे टब आणि पाणी साचलेली गवताखालची खळगी यांचा. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून, आतून घासून काढा. नुसतं पाणी फेकून भागत नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. कायम पाणी असलेल्या मोठ्या टबात गप्पी मासे सोडा.

माती ओली आहे, तरी झाड मलूल दिसतंय. आणखी पाणी देऊ?

थांबा! मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि पाण्यात उभं असूनही झाड तहानेलं दिसतं. अशा वेळी पाणी म्हणजे शेवटचा घाव.

झाड हलक्या हाताने उकरा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी, लिबलिबीत, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून आतला दोरा हातात येतो. गड्ड्याचा मऊ पडलेला भाग पांढरं-टणक मांस दिसेपर्यंत कापा, काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीत लावा. फुटवा येईपर्यंत पाणी बेताचंच.

पानं पिवळी पडतायत.

कुठली ते आधी पाहा. सर्वांत खालची, जुनी पानं सावकाश पिवळी होत असतील तर नत्र कमी किंवा पानांचं वय झालं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. चुनखडीची जमीन, क्षारांचं पाणी किंवा गुदमरलेली मुळं ही त्याची नेहमीची कारणं. मूळ कारण न काढता लोहाची फवारणी केली तर महिन्याभराने पुन्हा तेच. कर्दळीच्या पानावर शिरांच्या बाजूने पिवळे पट्टे किंवा ठिपके दिसले आणि नवं पानही तसंच आलं, तर तो विषाणू असण्याची शक्यता जास्त. त्यावर औषध नाही. झाड गड्ड्यासकट काढून टाका आणि ती कात्री दुसऱ्या झाडाला लावण्याआधी निर्जंतुक करा.

खत किती?

वर्षातून दोनदा शेणखत किंवा गांडूळखताचा थर, वाढ सुरू होताना आणि फुलांच्या आधी. ताजं शेण नको.

अळ्या पडल्या आहेत, औषध कुठलं मारू?

स्पायडर लिलीवर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या लिलीच्या पतंगाच्या. थव्याने येतात, दोन-तीन दिवसांत पानांचे नुसते देठ उरतात आणि मग कंदाकडे वळतात. सकाळी हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. लागोपाठ तीन-चार दिवस वेचल्या की बहुतेक वेळा औषधाची गरज उरत नाही. फार झाल्या तर निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

सोनटक्क्याचं पान कडेने गुंडाळलेलं दिसलं तर आत हळद-आल्यावर येते तीच अळी असते. तिचं पुढे फुलपाखरू होतं. चार-दोन गुंडाळ्या असतील तर मी त्या तशाच सोडते. कर्दळीच्या कोवळ्या पानांना एका ओळीत भोकं दिसतात, ती पान गुंडाळलेलं असतानाच कुणीतरी कुरतडल्याची खूण. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन बघा, गोगलगायी सापडतील.

गड्डे कधी आणि कसे वेगळे करायचे?

दोन-तीन वर्षांनी, नवी वाढ सुरू व्हायच्या आधी. मधला भाग पोकळ होऊन फुलं फक्त कडेने येऊ लागली की वेळ झालीच म्हणायची. सगळा गड्डा उकरा, धारदार सुरीने तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. सोनटक्का उथळ लावा, वर दोन बोटं माती पुरे. कर्दळ तीन-चार इंच खोल. आयरिसचा गड्डा जेमतेम झाकला जाईल इतकाच.

ही झाडं बागभर पसरतील का?

काही नक्कीच. सोनटक्का हवाई आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठी इतका माजला आहे की तिथे तो उपद्रवी ठरला आहे. पिवळ्या आयरिसचं आणि जांभळ्या लायथ्रमचं उत्तर अमेरिकेत हेच झालं. लायथ्रमच्या एका मोठ्या झुडपातून वर्षाला २० लाखांहून जास्त बिया पडू शकतात. जलपर्णीचं जांभळं फूल कितीही मोहक असलं, तरी ती कुठल्याच टबात आणू नये. काढलेले गड्डे ओढ्यात, नाल्यात किंवा मोकळ्या जागेवर टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टमध्ये घाला.

घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. काही विषारी?

स्पायडर लिली आणि रेन लिलीचे कंद पोटात गेले तर उलट्या होतात. कॅला लिली, पीस लिली आणि अळूच्या चिकात सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात टोचून आग होते. कर्दळ आणि सोनटक्का या बाबतीत निर्धास्त.

पंधरा दिवस बाहेरगावी जायचंय. झाडांचं काय करू?

निघायच्या आदल्या दिवशी वाफ्याला पोटभर पाणी द्या आणि आच्छादनाचा थर वाढवा. फुलून गेलेले दांडे कापा, म्हणजे पानांतून उडणारं पाणी तेवढं वाचेल. कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा. पीस लिलीसाठी पाण्याची बादली कुंडीपेक्षा उंचावर ठेवून सुती कापडाची वात तिच्या मातीत खोचा. बादली जाळीने किंवा फडक्याने झाका, नाहीतर परत याल तेव्हा त्यात डासांच्या अळ्या असतील. हेलिकोनियाची एक-दोन पानं करपतील, ती आल्यावर कापून टाका.